नाव एसडीए, पण डिस्क कोणाची?

मंडळी, सुरुवातीलाच एक कबुली. मी कॉन्व्हेंटची. माझं मराठी घरचं, आईशी भांडताना वापरायचं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. दुसरं म्हणजे मराठी विभागात सगळं देवनागरीतच लिहायचं असा नियम आहे, तेव्हा कमांड्स मी उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत, आणि स्मॉलमध्येच करा. लिनक्सला कॅपिटल आणि स्मॉल सारखे वाटत नाहीत.

आता मुद्दा. मागच्या सेमिस्टरला, ऐन सबमिशनच्या आठवड्यात, मी माझ्या रूममेटची हार्ड डिस्क उडवली. व्हायरस नव्हता, डिस्क हातातून पडली नव्हती, लाइट गेले नव्हते. मी स्वतः एक कमांड दिली आणि एंटर दाबलं, बस्स.

झालं असं की प्रोजेक्टच्या मशीनवर लिनक्स टाकायचं होतं, म्हणून पेनड्राइव्ह बूटेबल करायचा होता. आदल्या दिवशी केला होता, पण आयएसओ फाइल अर्धवट डाउनलोड झालेली निघाली. परत करणं आलं. माझ्या लॅपटॉपमधली डिस्क एनव्हीएमई आहे, तिचं नाव वेगळ्याच पद्धतीचं असतं. त्यामुळे यूएसबीला जे पहिलं लावाल ते एसडीए होतं. काल पेनड्राइव्ह एसडीए होता. आज मी टर्मिनल उघडलं, वरचा बाण दाबला, कालचीच डीडीची कमांड समोर आली, एंटर. सुडोचा पासवर्डही दिला. आणि बघते तर पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकेचना! लुकलुकत होता शेजारचा. रूममेटची एक टीबीची एक्स्टर्नल डिस्क. सकाळी तिच्याकडून लेक्चरचे व्हिडिओ घ्यायला लावली होती आणि काढायची राहून गेली होती. आज ती आधी लागली, म्हणून आज एसडीए ती. पेनड्राइव्ह मागाहून आला, तो एसडीबी.

कंट्रोल-सी दाबेपर्यंत आठ-नऊ सेकंद गेले. डीडी मोठं प्रामाणिक, जाताजाता हिशोब देतं. सुमारे ८०० एमबी लिहून झाले होते.

रूममेट आली तेव्हा मी नुसती बसून होते. ती म्हणाली, "अगं, त्यात आजीचे व्हिडिओ आहेत." तिची आजी मागच्या दिवाळीत गेली.

त्या डिस्कचं पुढे काय झालं ते सांगते, पण आधी हे झालंच का ते समजून घेऊ. लिनक्समध्ये डिस्कच्या नावांचा घोळ काय आहे हे मला तोपर्यंत खरंच माहीत नव्हतं. व्हायव्हात मात्र मी त्यावर उत्तर दिलं होतं!

पूर्वी, म्हणजे चपट्या रुंद आयडीई केबल असायच्या तेव्हा, लिनक्समध्ये डिस्कची नावं एचडीए, एचडीबी, एचडीसी, एचडीडी अशी असत. पहिल्या केबलवरचा मास्टर म्हणजे एचडीए, स्लेव्ह म्हणजे एचडीबी. दुसऱ्या केबलवरचा मास्टर एचडीसी, स्लेव्ह एचडीडी. डिस्कच्या मागे छोटासा जंपर असायचा, त्याने मास्टर-स्लेव्ह ठरायचं. म्हणजे नाव जागेवरून मिळत होतं. परीक्षेत आपला बाक ठरलेला असतो ना, तसं. तुमच्या पुढचा आला नाही तरी तुम्ही तुमच्याच बाकावर. एचडीबी काढून टाकली तरी एचडीसी ही एचडीसीच राहायची.

एसडी हे नाव मुळात स्कझी डिस्कचं. सॅटा डिस्क आल्या त्या लिबएटीए नावाच्या ड्रायव्हरमधून, आणि तो स्कझीच्या यंत्रणेवर बसवलेला, म्हणून त्यांना एसडी नावं मिळाली. यूएसबी पेनड्राइव्हही त्याच रस्त्याने येतात. २००६-०७ च्या सुमारास जुन्या आयडीई डिस्कसुद्धा याच ड्रायव्हरखाली आणल्या गेल्या. फेडोरा ७ ने २००७ मध्ये हा बदल केला आणि कालपर्यंत एचडीए असलेली डिस्क अपग्रेडनंतर एसडीए झाली. जुना आयडीईचा कोड तरीही कर्नलमध्ये पडून होता, तो २०२१ मध्ये ५.१४ आवृत्तीत काढला. म्हणजे आता एचडीए नाव दिसलं तर ते जुन्या पुस्तकातलं समजा. आपल्या लायब्ररीत अशी बरीच आहेत.

नव्या पद्धतीत गोम अशी की एसडीए, एसडीबी ही नावं जागेची नाहीत, नंबराची आहेत. मेसच्या रांगेसारखं. जो आधी पोचला तो पहिला. बूट होताना कर्नल सगळ्या कंट्रोलरना एकदमच हाका मारतो. एसएसडी लगेच ओ देते. फिरत्या तबकडीची डिस्क आधी गती घेते, मग तयार होते, त्यात काही सेकंद जातात. एखादं यूएसबीचं कार्ड रीडर मध्येच घुसतं. बहुतेक वेळा रोज तोच क्रम लागतो, आणि तेच वाईट. रोज बदलला असता तर आपण सावध राहिलो असतो. महिनोन्महिने तोच क्रम दिसतो, आपण त्याला नियम समजतो, आणि एक दिवस मेसमध्ये कोणीतरी आपल्या आधी पोचतं.

एनव्हीएमईचं नाव एनव्हीएमई-शून्य-एन-एक-पी-दोन असं लांबलचक असतं. पहिला आकडा कंट्रोलरचा, एन नंतरचा नेमस्पेसचा, पी नंतरचा पार्टिशनचा. दिसायला भरभक्कम, पण दोन एनव्हीएमई असतील तर शून्य कोण आणि एक कोण हेही बदलू शकतं. (ग्रबची आणखी वेगळीच तऱ्हा. ग्रब-२ मध्ये डिस्क शून्यापासून मोजतात आणि पार्टिशन एकपासून, जुन्या ग्रबमध्ये दोन्ही शून्यापासून. हे ज्याने ठरवलं त्याला एकदा भेटायचंय.)

मग खरी ओळख कुठली? यूयूआयडी. फाइल सिस्टिम तयार होते त्याच वेळी तिच्या सुरुवातीच्या माहितीत एक लांब नंबर लिहिला जातो. ईएक्सटी-४ चा नंबर डॅश धरून ३६ अक्षरांचा असतो. पेनड्राइव्हवर फॅट असेल तर फक्त चार-डॅश-चार. हा म्हणजे आपला युनिव्हर्सिटीचा पीआरएन नंबर. बाक बदला, वर्ग बदला, ब्रँच बदला, पीआरएन तोच. एलएसबीएलके कमांडला डॅश-एफ जोडलं की सगळ्या पार्टिशनचे यूयूआयडी दिसतात. पण लक्षात घ्या, हा नंबर फाइल सिस्टिमचा आहे, लोखंडाचा नाही. फॉरमॅट केलं की नवा नंबर. आणि डीडीने एका डिस्कची दुसरीवर हुबेहूब नक्कल केलीत तर नंबरही तोच जातो. मग एकाच पीआरएनचे दोन विद्यार्थी, आणि कोणता माउंट होईल ते तुमच्या नशिबावर. अशा वेळी ईएक्सटी-४ साठी ट्यून-टू-एफएस नावाच्या कमांडने नक्कलेचा नंबर बदलून घ्यायचा.

प्रत्यक्ष डिस्क ओळखायची असेल तर डेव्ह फोल्डरमध्ये डिस्क, आणि त्यात बाय-आयडी असं फोल्डर आहे तिथे बघा. तिथली नावं कंपनी, मॉडेल आणि सीरियल नंबर जोडून बनलेली असतात आणि प्रत्येक नाव आजच्या एसडीए किंवा एसडीबीकडे बोट दाखवतं. ही नावं यूडेव्ह बनवतं. मी आता डीडीला नेहमी हेच लांब नाव देते. टॅब दाबला की पुरं होतं, टाइप करावं लागत नाही. उद्या वरचा बाण दाबून तीच कमांड आली तरी ती त्याच पेनड्राइव्हला शोधेल.

आणि पेनड्राइव्ह लावलेलाच नसेल तर? ही गंमत मला नंतर कळली. डीडीला ते नाव सापडलं नाही तर ते त्या नावाची साधी फाइल तयार करून त्यात लिहायला लागतं! डेव्ह फोल्डर मेमरीत राहतं, म्हणजे तुमची रॅम भरत जाते, आणि तुम्हाला वाटतं पेनड्राइव्ह किती फास्ट आहे. कमांडमध्ये कॉन्व्ह बरोबर नोक्रिएट लिहिलं तर असं होत नाही, सरळ एरर येते.

आता रूममेटच्या डिस्ककडे.

पहिली गोष्ट केली ती म्हणजे काहीच केलं नाही. तिने ती विंडोजला लावली असती तर विंडोजने "फॉरमॅट करू का?" विचारलं असतं, आणि घाबरलेला माणूस हो म्हणतो. आम्ही एका मैत्रिणीची दोन टीबीची डिस्क मागून आणली आणि खराब झालेल्या डिस्कची पूर्ण इमेज तिच्यावर फाइल म्हणून काढली. एक टीबीला जवळजवळ तीन तास लागले. (या वेळी नाव चार वेळा तपासलं. रूममेट शेजारी उभी राहून मोठ्याने वाचत होती.) पुढचं सगळं त्या इमेजवर. मूळ डिस्क कपाटात.

नशीब कुठे होतं बघा. डिस्कवर विंडोजने केलेलं एनटीएफएस होतं. एनटीएफएसमध्ये कुठली फाइल कुठे आहे याची वही असते, तिचं नाव एमएफटी, मास्टर फाइल टेबल. विंडोज अशी मोठी डिस्क फॉरमॅट करतं तेव्हा ही वही सहसा ७,८६,४३२ व्या क्लस्टरपासून सुरू होते. एक क्लस्टर ४ केबीचा. गुणाकार केला की पार्टिशनच्या सुरुवातीपासून बरोबर ३ जीबी. मी पुसलं होतं ८०० एमबी. वही शाबूत! पार्टिशन टेबल गेलं होतं, एनटीएफएसचं पहिलं बूट सेक्टर गेलं होतं, पण त्या बूट सेक्टरची एक नक्कल पार्टिशनच्या अगदी शेवटच्या सेक्टरमध्ये ठेवलेली असते. तिथवर मी पोचलेच नव्हते. कंट्रोल-सी अर्धा मिनिट उशिरा दाबलं असतं तर वहीसुद्धा गेली असती.

टेस्टडिस्क नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, काळ्या स्क्रीनवर बाणाच्या किल्ल्यांनी चालणारा. त्याने इमेज धुंडाळून ती शेवटची नक्कल शोधली, तिच्यावरून पार्टिशन कुठून कुठपर्यंत होतं ते ठरवलं आणि फाइल्सची यादी दाखवली. ती यादी स्क्रीनवर आली तेव्हा रूममेट रडली. मीही. आम्ही तिथल्या तिथे दुरुस्ती न करता आधी सगळ्या फाइल्स बाहेर कॉपी करून घेतल्या. (वहीसुद्धा गेली असती तर फोटोरेक वापरावं लागलं असतं. ते फाइलच्या आतल्या खुणांवरून फोटो-व्हिडिओ ओळखतं, पण फाइलची नावं आणि फोल्डर परत मिळत नाहीत.)

जे त्या पहिल्या ८०० एमबीत होतं ते गेलं. मोजून चौदा फाइल्स. नाव आहे, तारीख आहे, साइज आहे, पण आत व्हिडिओच्या जागी लिनक्सच्या इन्स्टॉलरचे तुकडे. त्यातला एक आजीचा होता, दोन मिनिटांचा, पुरणपोळी करतानाचा. बाकीचे आजीचे सगळे सापडले. रूममेट माझ्याशी बोलते. तो व्हिडिओ मात्र तिच्या मावशीच्या फोनवरही नाही, आम्ही विचारून पाहिलं.

दुसरा किस्सा आमच्या प्रोजेक्ट लॅबमधला, यात माझी चूक नाही. तिथल्या मशीनमध्ये एक एसएसडी आहे सिस्टिमसाठी आणि ५०० जीबीची फिरती डिस्क डेटासाठी. (एलएसबीएलके तिला ४६५.८ जी दाखवतं. डिस्क चोरीला गेलेली नाही. कंपनी १००० ने मोजते आणि लिनक्स १०२४ ने.) लॅबच्या काकांनी जुनी एक डिस्क आत जोडून दिली, आणि दुसऱ्या दिवशी मशीन बूट होईना. काळ्या स्क्रीनवर इमर्जन्सी मोड, रूटचा पासवर्ड द्या. सगळ्यांनी ठरवलं, विंडोज टाका.

इटीसी फोल्डरमध्ये एफएसटॅब नावाची फाइल असते. बूट होताना काय कुठे माउंट करायचं ते त्यात लिहिलेलं असतं, एका ओळीत सहा रकाने. सिस्टिमची ओळ इन्स्टॉलरने यूयूआयडीने लिहिली होती, म्हणून निदान तिथवर तरी पोचलो. डेटाची ओळ आमच्या कुठल्यातरी सीनियरने हाताने लिहिली होती: एसडीबी-एक, ईएक्सटी-४. आता एसडीबी झाली होती काकांची जुनी डिस्क, तिच्यावर एनटीएफएस. माउंट होणार कसं? आणि एफएसटॅबमधलं काही माउंट झालं नाही की सिस्टिमडी पुढे जात नाही. (त्या नावाची डिस्कच नसेल तर ९० सेकंद वाट बघतं आणि मग इमर्जन्सी मोड.) यूयूआयडी लिहिला, चौथ्या रकान्यात नोफेल जोडलं, म्हणजे ही डिस्क नसली तरी बाकी मशीन सुरू होईल. मग माउंट डॅश-ए देऊन तपासलं. हे तपासणं रीबूटच्या आधी करा, नंतर नाही! दहा मिनिटांचं काम.

पण आठवड्याभराने तीच डेटाची डिस्क पुन्हा छळायला लागली. रात्री सिम्युलेशन लावून गेलो, सकाळी रिझल्ट अर्धवट, फोल्डरमध्ये काही लिहिता येईना. आणि एलएसबीएलकेमध्ये डिस्कचं नाव एसडीडी! रात्री एसडीसी होती. मशीन बंद झालेलं नव्हतं. रीबूट न होता नाव बदलतं कसं?

हे जिथे दिसेल तिथे नावाचा विचार सोडा आणि हार्डवेअरकडे बघा. अर्थ असा की डिस्क मध्येच गायब झाली आणि परत आली. जुनं नाव अजून माउंट केलेलं, म्हणजे अडकलेलं, म्हणून परत आलेल्या डिस्कला पुढचं अक्षर मिळालं.

डीमेसेज कमांड द्या, कर्नलची डायरी उघडते. आमच्या डायरीत एटीए-३ च्या नावाने ओळीच्या ओळी होत्या. हार्ड रिसेटिंग लिंक, पुन्हा हार्ड रिसेटिंग लिंक, मग सॅटाचा वेग ६ वरून ३ जीबीपीएसवर आणतोय अशी ओळ, आणि शेवटी डिस्क डिसेबल्ड. आता एटीए-३ म्हणजे एसडीसीच असं समजू नका, तो पोर्टचा नंबर आहे. सिस फोल्डरमधल्या ब्लॉक फोल्डरची यादी एलएस डॅश-एल ने काढली की प्रत्येक एसडी नावापुढे पूर्ण रस्ता दिसतो आणि त्यात एटीएचा नंबर सापडतो.

सर म्हणाले, डिस्क गेली, नवीन मागवा. मागवायची म्हणजे अर्ज, सही, तीन कोटेशन, आणि तोवर सबमिशन संपलं. म्हणून आधी स्मार्टसीटीएल चालवलं. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, ती या कमांडने वाचता येते. आकडे खूप येतात, घाबरू नका. मी चारच बघते. ५ नंबर म्हणजे खराब म्हणून बदललेले सेक्टर. १९७ म्हणजे वाचता न आलेले, निकाल लागायचा बाकी असलेले. १९८ म्हणजे तपासणीत न वाचता आलेले. आणि १९९ म्हणजे सीआरसीच्या चुका. यातला शेवटच्या रकान्यातला आकडा वाचायचा.

आमच्या डिस्कचे ५, १९७, १९८ तिन्ही शून्य. १९९ मात्र हजाराच्या वर, आणि दहा जीबीची फाइल कॉपी करून पुन्हा पाहिलं तर आणखी वाढलेला. १९९ हा डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यातल्या बोलण्यात झालेल्या चुका मोजतो. म्हणजे तबकडी ठणठणीत आहे, निरोप रस्त्यात बिघडतोय. रस्ता म्हणजे केबल. कॅबिनेट उघडलं. काकांनी जुनी डिस्क बसवताना सॅटाची केबल झाकणाखाली दुमडली होती, तिच्यावर वळ उठला होता. केबल बदलली, पुन्हा दहा जीबी कॉपी केले, आकडा जागचा हलला नाही. (१९९ कमी कधीच होत नाही, डिस्क त्याला आयुष्यभर लक्षात ठेवते. वाढतोय का एवढंच बघायचं.) केबल बदलूनही वाढत असेल तर पॉवरचं कनेक्टर आणि दुसरा पोर्ट बघायचा. पॉवर सप्लाय थकलेला असला तरी डिस्क अशाच गायब होतात, कारण तबकडी गती घेताना १२ व्होल्टवर एकदम जास्त करंट ओढते.

आकडा १९७ चा वाढत असता तर गोष्ट उलटी. मग एफएससीके चालवायचं नाही! ते दुरुस्ती करायला जातं आणि मरणाऱ्या डिस्कला आणखी पळवतं. आधी डीडीरेस्क्यूने इमेज. ते चांगला भाग आधी उचलतं, अडलेल्या जागी शेवटी परत येतं, आणि कुठवर आलो ते वेगळ्या मॅप फाइलमध्ये लिहून ठेवतं, म्हणजे मध्येच बंद पडलं तरी पुन्हा पहिल्यापासून नको.

आणि डिस्क बायॉसमध्येच दिसत नसेल तर लिनक्सशी भांडून उपयोग नाही. केबल बघा. नवी एम-डॉट-टू लावली असेल तर बोर्डाचं मॅन्युअल बघा, कित्येक बोर्डांवर ती लावली की सॅटाचा एखादा पोर्ट बंद होतो. लॅपटॉपमध्ये लिनक्सच्या इन्स्टॉलरला एसएसडी दिसतच नसेल तर बहुतेक बायॉसमध्ये मोड इंटेल आरएसटी किंवा रेडवर असतो, तो एएचसीआय करावा लागतो. पण तिथे विंडोज आधीपासून असेल तर सरळ बदलू नका, ते बूट व्हायचं थांबेल. आधी विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगायचं, मग बायॉस बदलायचं. बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या.

दुमडलेली केबल काकांनी ड्रॉवरमध्ये परत ठेवली होती, "चालेल कुठेतरी" म्हणून. मी काकांना विचारून ती कात्रीने मधोमध कापली आणि मगच कचऱ्यात टाकली.